ऑपरेशननंतरही कुत्री माजावर येते, हे खरे नाही

'कुत्रीचे ऑपरेशन केले तरी ती माजावर येतेच, फक्त पिल्ले होत नाहीत. शिवाय ती लठ्ठ होते, म्हणून निदान एक वेत तरी होऊ द्यावे,' अशा अर्थाचा मजकूर मोबाइलवरून फिरतो आहे आणि कोल्हापुरात रंकाळा तलावावर कुत्री फिरवायला आणणाऱ्यांच्या बोलण्यातही तो ऐकू येतो.

यातला पहिला समज बहुधा माणसांच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेवरून आला असावा. त्या शस्त्रक्रियेत स्त्रीच्या गर्भनलिका बंद करतात, अंडाशय जागेवरच राहतात आणि म्हणून पाळी चालू राहते. कुत्रीचे मात्र दोन्ही अंडाशय काढले जातात आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. माज आणणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) अंडाशयातच तयार होते. योनीला येणारी सूज, सुरुवातीच्या साधारण ९ दिवसांतला रक्तस्राव आणि त्यानंतर नराला जवळ येऊ देणे, हे सारे संप्रेरकांच्या चढउतारावर चालते. अंडाशयच उरले नाहीत, तर सहा-सात महिन्यांनी येणारे हे चक्र सुरूच होत नाही.

'पण ऑपरेशन झालेल्या कुत्रीमागे कुत्रे लागलेले आम्ही पाहिले,' हे सांगणारे खोटे बोलत असतील असे नाही. माज चालू असतानाच शस्त्रक्रिया झाली असेल, तर पुढे काही दिवस वास राहतो आणि नर येतात. (माजात तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणूनच बरेच डॉक्टर माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबायला सांगतात.) योनीमार्गाच्या संसर्गातही स्राव होतो आणि कुत्री सतत चाटत बसते. गल्लीतली कुत्री असेल तर आधी तिचा कान पाहावा: नसबंदी करून सोडलेल्या भटक्या कुत्र्यांच्या कानाला खूण म्हणून खाच पाडतात, आणि ती नसेल तर ऑपरेशन झाले असे धरून चालता येत नाही. खरा अपवाद एकच, तो म्हणजे अंडाशयाचा तुकडा आत राहून जाणे. मग काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, सूज आणि नरांची ओढ पुन्हा दिसते. योनीतील पेशींच्या आणि रक्तातील संप्रेरकांच्या तपासणीतून ते कळते आणि राहिलेला तुकडा काढावा लागतो. तो शस्त्रक्रियेतला दोष आहे, तिचा नियम नव्हे.

एक वेत होऊ दिल्याने कुत्रीच्या प्रकृतीला कसलाही फायदा होत नाही. उलट प्रत्येक माजानंतरच्या एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याची भीती असते, आणि ती वयाबरोबर वाढते. कुत्री खायची बंद होते, पाणी मात्र भरमसाट पिते, आणि गर्भाशयाचे मुख मिटलेले असेल तर बाहेर एक थेंबही दिसत नाही. वेळेवर उपचार झाले नाहीत तर ती दगावते. मोठ्या जातींत हाडांची वाढ होईपर्यंत ऑपरेशनसाठी थांबावे, असे डॉक्टर सांगतात. त्या थांबण्याचा वेताशी संबंध नाही.

लठ्ठपणाचा मुद्दा अर्धा खरा आहे. ऑपरेशननंतर भूक वाढते आणि शरीराची गरज घटते, म्हणून खाणे साधारण पाव हिस्सा कमी करावे. आपल्याकडे उरलेला मटणाचा रस्सा भातावर ओतण्याची सवय आहे, ती तर मोडावीच, कारण कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी असतात.

त्या मजकुरात नसलेला एक खरा तोटा सांगायला हवा: काही कुत्र्यांना, विशेषतः मोठ्या जातीच्या माद्यांना, ऑपरेशननंतर झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. तो बहुधा औषधाने आटोक्यात येतो, मात्र अंथरुणावरचा तो ओलावा पाहून माज आला असे समजू नये.