फुकटचे पाच थेंब

आमच्या पेडण्याच्या घरच्या ग्रुपवर सध्या चुलतभावाच्या बाळाला द्यायच्या रोटाव्हायरस (मुलांना जुलाब करणारा विषाणू) लसीच्या डोसवरून जुंपली आहे. एक पक्ष म्हणतो, आरोग्य केंद्रातला फुकटचा कशाला, म्हापशाला खासगीत जाऊन ‘बाहेरचा’, म्हणजे परदेशी, घ्या. दुसऱ्या पक्षाला लसच नको. जुलाबावर कसली लस? आधी शुद्ध पाणी द्या, पेज द्या, ओआरएस पाजा.

लिस्बनमध्ये बसून वाचताना आधी या दुसऱ्या पक्षाशीच भांडावेसे वाटते. इथे लोक नळाचे पाणी सरळ ग्लासात घेऊन पितात, तरी थंडीत पाळणाघरांतून रोटा फिरतो. लस येण्यापूर्वी देश श्रीमंत असो की गरीब, पाच वर्षांच्या आत जवळपास प्रत्येक मुलाला तो गाठायचाच. तो हातांवर आणि खेळण्यांवर टिकतो. 2022 मध्ये गोव्याला ‘हर घर जल’चे प्रमाणपत्र मिळाले याचा मला आनंदच आहे, पण रोटाला त्याचे सोयरसुतक नाही. ओआरएस जीव वाचवते हे खरे. मात्र सतत ओकणाऱ्या सहा महिन्यांच्या बाळाला ते चमच्याने पाजून बघा, मग बोलू. लसीआधीच्या काळात भारतात या एका विषाणूमुळे दरवर्षी सुमारे 8.72 लाख मुले इस्पितळात दाखल होत आणि 78,000 दगावत, असा अंदाज होता.

आता ‘बाहेरच्या’ डोसबद्दल. आमची मुलगी 2021 ची. पोर्तुगालच्या सरकारी लसीकरणात तेव्हा रोटा होता तो फक्त जोखमीच्या गटातल्या बाळांसाठी. बाकीच्यांनी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन फार्मसीतून लस विकत आणायची. सगळे डोस मिळून शंभराहून जास्त युरो. आम्ही दिले. पण त्या वर्षी इथले किमान वेतन महिना 665 युरो होते, आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत भांडी घासणारे आपले गोंयकार काही थोडे नाहीत. त्यांनी काय करायचे?

पेडण्यात तेच काम सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला एक पैसा न घेता होते. दिल्लीच्या एम्समध्ये 1980 च्या दशकात नवजात बाळांत सापडलेल्या विषाणूपासून रोटावॅक ही भारतीय लस तयार झाली. 2016 मध्ये चार राज्यांपासून सुरुवात होऊन 2019 पर्यंत सरकारी रोटा लस देशभर पोचली. नऊ राज्यांतल्या 31 इस्पितळांचा अभ्यास सांगतो की, जुलाबाने दाखल झालेल्या मुलांत रोटाचे प्रमाण 40 टक्क्यांवरून 20 वर आले. रोटावॅकची परिणामकारकता सुमारे 54 टक्के.

‘फक्त 54?’ हा प्रश्न ग्रुपवर आलाच. पण श्रीमंत देशांत 85 च्या आसपास जाणारी परदेशी रोटारिक्स मलावीतल्या चाचणीत 49 वर थांबली होती. तोंडावाटे द्यायच्या या लशी गरीब देशांत कमीच पडतात. दोष लेबलाचा नाही. शिवाय जुलाब इतर जंतूंनीही होतातच, त्यामुळे ‘डोस देऊनही पोट बिघडले’ ही तक्रार लसीविरुद्धचा पुरावा ठरत नाही.

म्हणून माझे मत सरळ आहे: पैसेवाल्यांनीही आरोग्य केंद्रातच जावे. तिथे सगळेच जायला लागले की डोस संपला किंवा नर्स रजेवर असली तर विचारणारे कोणीतरी असते. केवळ गरिबांची म्हणून उरलेली सोय लवकर मोडते.

खरी काळजी आहे ती बांधकामांवरच्या मजुरांच्या मुलांची. आई बाळंतपणाला झारखंडला किंवा ओडिशाला जाते, परत येते तेव्हा दोन डोस चुकलेले, कार्ड गावीच राहिलेले. भारतात पहिला डोस बाळ वर्षाचे होईपर्यंत चालतो, ही मोठी सवलत आहे. ते मजुरांच्या वस्तीवर जाऊन सांगायला कोण जाते, हे ग्रुपवर अजून कोणी विचारलेले नाही.