डच क्रिकेट उसन्या खेळाडूंवरच उभं आहे का? प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 2023 च्या विश्वचषकात 9 पैकी 2 विजय, तळाचा क्रमांक आणि संघात बाहेर घडलेल्यांचा भरणा, मग नेदरलँड्समध्ये क्रिकेट वाढतंय हे कशावरून, असं आपण विचारलंत; कुमार गटावरचा पैसा वाया जातो, असंही म्हटलंत. भरण्याचा मुद्दा खराच. व्हॅन डर मर्व, अकरमन, एंगलब्रेख्त दक्षिण आफ्रिकेत घडले. पण त्यांची गरज का पडते, हे बघायला खेळपट्टीवर उतरावं लागतं.

नेदरलँड्समधलं बहुतेक क्लब क्रिकेट मॅटिंगवर चालतं. खाली टणक पाया, वर कृत्रिम मॅट. चेंडू उंच आणि एकसारखा उसळतो. मॅट दिवसभरात झिजत नाही, त्यामुळे बोलरच्या पायांनी खडबडीत झालेली जागा हेरून टाकायला फिरकीपटू शिकत नाही. फलंदाजाचे हात उंच उसळीला सरावतात, मग टर्फवर, म्हणजे माती-गवताच्या नैसर्गिक खेळपट्टीवर, चेंडू खाली राहिला की एलबीडब्ल्यू किंवा बोल्ड ठरलेला.

टर्फ करायचं म्हटलं तर वरचा साधारण 10 सेंटीमीटरचा थर 25 ते 30 टक्के चिकणमातीचा लागतो. सामन्याआधी 10-12 दिवस पाणी, कापणी, रोलिंग. ओल जास्त असताना जड रोलर फिरवला की वरचा पापुद्रा बंद होतो, आतली माती ओलीच राहते आणि उसळ दुटप्पी होते. पावसाळी हवेत, जेमतेम मे ते सप्टेंबरच्या हंगामात हे सांभाळायला पूर्णवेळ, जाणता ग्राउंड्समन हवा. म्हणून अशी मैदानं मोजकीच: अ‍ॅमस्टेलवेन, रॉटरडॅम, व्होरबर्ग वगैरे.

तरीही बास डी लीडे, अ‍ॅमस्टरडॅमचा व्हॅन मीकेरेन, हेगचा आर्यन दत्त याच डच क्लब क्रिकेटमधून वर आले. डी लीडेने 2023 च्या पात्रता फेरीत स्कॉटलंडविरुद्ध 5 बळी आणि शतक एकाच सामन्यात केलं!

बाहेरच्यांची गरज पडण्याचं दुसरं कारण मोठ्या संघांशी होणाऱ्या सामन्यांचं. सुपर लीगमध्ये, म्हणजे 2023 च्या विश्वचषकाच्या पात्रतेसाठीच्या वनडे लीगमध्ये, त्यांना 8 कसोटी देशांशी 24 वनडे मिळाले. जिंकले 3च, शिवाय 2022 मध्ये अ‍ॅमस्टेलवेनला इंग्लंडने 498 धावा चोपल्या. पण त्यानंतर सोळा महिन्यांनी विश्वचषकात धरमशालेत 7 बाद 140 वरून 245 करून याच संघाने दक्षिण आफ्रिकेला 38 धावांनी हरवलं. पुढे ती लीगच गुंडाळली गेली आणि आता त्यांची वनडे स्पर्धा ओमान, नामिबिया, नेपाळ अशा संघांशी आहे.

कुमार गटावरचा पैसा वाया जातो, हे म्हणूनच पटत नाही. तो कमी करू नका. उलट त्यातून आधी दोन-तीन ग्राउंड्समनचे पूर्णवेळ पगार काढा आणि 15-16 वर्षांच्या पोरांना टर्फवर दोन दिवसांचे सामने द्या.