कामे पाहावीत

आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी झालो तो एका तारखेमुळं. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस जिन्याखाली लागली होती आणि तिच्यावर तारीख होती 31 सप्टेंबर. सहकार कायदा म्हणतो, ही सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्या. आमच्या समितीनं कायदा एकाच दिवसानं मोडला होता, पण तो दिवस कॅलेंडरात नव्हता. मी आपला सहज अध्यक्षांना बोललो, "अण्णा, सप्टेंबरला 31 तारीख नसते." अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, नोटीस वाचली, मग बराच वेळ मला वाचलं. "एवढं बारीक बघतोयस, तर तूच हो की सेक्रेटरी!" आधीचे सेक्रेटरी मुलाकडं पुण्याला निघाले होते, जागा मोकळी होतीच. आमच्या कोल्हापुरात चूक दाखवणाऱ्याला शिक्षा अशी जाग्यावर होते.

सायबर चौकातून चालत दहा मिनिटांवर आमची इमारत. 48 फ्लॅट, दोन लिफ्ट (त्यातली एक चालते, दुसरी मानाची), एक तळटाकी, एक गच्चीवरची टाकी, आणि या दोन टाक्यांच्या मधे लोंबकळणारी एक व्यवस्थापक समिती. जिल्हा सहकाराचा. दूध संस्था, साखर कारखाना, पतसंस्था, विकास सेवा सोसायटी. घरटी एक माणूस तरी कुठल्या ना कुठल्या पॅनेलमधून उभा राहिलेला असतो. त्यामुळं निवडणूक कशी जिंकायची हे आमच्या इमारतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जिंकल्यावर टाकी कधी धुवायची, ते मात्र कुणाला विचारू नये.

टाकी धुण्यासाठीच समितीनं पगारी मॅनेजर ठेवला होता. म्हणजे ठरावात तसं होतं. खरं कारण असं की समितीवर सगळे चिडायचे आणि समितीला चिडायला कुणीच नव्हतं. सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये हयात घालवलेला हा सरळ माणूस, खिशाला दोन पेनं, काखेत डायरी. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा आल्यापासून सोसायटीत एकही काम अडलं नाही, कारण अडलेलं प्रत्येक काम कुणाचं हे सांगायची सोय झाली. सभासद समितीला विचारायचे, समिती म्हणायची मामांना विचारा, मामा म्हणायचे समितीचा निर्णय यायचाय. शाहू स्टेडियमवर कधी कधी बॉल दोन डिफेंडरांच्या मधोमध पडतो, दोघंही एकमेकाला "घे तू" म्हणतात आणि मागनं तिसराच येऊन गोल मारून जातो. आमच्याकडं हा तिसरा गडी म्हणजे मोटर.

बुधवारी संध्याकाळी 7 वाजून 10 मिनिटांनी मामांनी समितीच्या ग्रुपवर टाकलं, "तळटाकीची मोटर घरघर करीत आहे. बेअरिंग गेले असावे. मिस्त्री 3,800 सांगतो. निर्णय द्यावा." उत्तरादाखल सात अंगठे आले, एक जोडलेले हात, आणि खजिनदार बापूंकडून गुलाबाच्या फुलावर शुभ सकाळ.

मोटर रविवारी जळली. कोल्हापुरात मोटरीनं कुठल्याही वारी जळावं, रविवारी जळू नये. अकरा वाजता अठ्ठेचाळीस घरांतनं मटण शिजत होतं, निम्म्यांचा तांबडा झालेला, पांढरा व्हायचा होता आणि नळानं एक उचकी देऊन मान टाकली. काळम्मावाडीच्या धरणातनं पन्नासेक किलोमीटर थेट पाइपलाइननं पाणी शहरात आणलं आपण, त्यासाठी आंदोलनं केली, वर्षानुवर्षं वाट बघितली. ते पाणी आमच्या तळटाकीपर्यंत बिनतक्रार आलेलं होतं. तिथनं वरच्या टाकीत जायला तेवढा आमचा ठराव लागत होता.

माणसं बादल्या घेऊन खाली उतरली. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी हातात पळी घेऊनच आल्या. मी "मॅनेजरला विचारतो" म्हणालो, तर वहिनींनी पळी माझ्याकडं रोखली. "मामास्नी काय विचारतायसा? सेक्रेटरी कोण हाय?" या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं, तरी मी दिलं नाही.

संध्याकाळी तातडीची समिती सभा. पार्किंगमध्ये, कारण हॉलची किल्ली सापडेना. रिवाइंडिंग, बेअरिंग, मजुरी धरून 14,600 चा अंदाज पुढं ठेवलेला. प्रश्न एकच : जबाबदार कोण? अण्णा म्हणाले, "आरं, मी अंगठा दिला हुता की! अंगठा म्हंजे करून टाका." बापू म्हणाले त्यांचा अंगठा म्हणजे वाचलं. वहिनी म्हणाल्या, बाकीच्यांनी दिला म्हणून त्यांनी दिला. मोबाइल खिशात असताना माझा अंगठा आपोआप गेला होता, पण ते मी बोललो नाही आणि इतिवृत्तात आलं नाही. इतिवृत्त मीच लिहितो.

मग अण्णा मामांकडं वळले. "मामा, तुमच्या नेमणुकीच्या पत्रात काय लिवलंय? सोसायटीची कामं कुणाची?" मामांनी डायरी उघडली. पत्राची घडी त्यांनी डायरीच्या पहिल्या पानात जपून ठेवलेली, कडा मऊ पडलेल्या. आमच्याकडं त्या पत्राची स्थळप्रत नव्हती, सांगून ठेवतो. मामांनी ते मोठ्यानं वाचलं. एकच वाक्य होतं : "आपण सोसायटीची सर्व कामे पाहावीत."

"मग?" अण्णा म्हणाले.

"पाह्यली की," मामा शांतपणं म्हणाले. "बुधवारी मोटर घरघरताना पाह्यली. शुक्रवारी धूर येताना पाह्यली. रविवारी जळताना पन मीच पाह्यली, दुसरं कोन हुतं तिथं?"

वर्षभर त्यांना एक रुपयाही खर्चायचा अधिकार कुणी दिला नव्हता. चेकवर सही माझी आणि अण्णा किंवा बापू यांपैकी एकाची. मिस्त्रीला बोलवायचं तर आधी आम्हाला विचारा, आणि आम्हाला विचारलं की आमचे अंगठे.

त्यानंतर जे बोलणं झालं त्याचं इतिवृत्त मी असं लिहिलं : "मा. अध्यक्षांनी तीव्र भावना व्यक्त केल्या. मा. खजिनदारांनी त्यास अनुमोदन दिले. सौ. वहिनींनी ऐतिहासिक संदर्भ दिले." ऐतिहासिक संदर्भ म्हणजे पाच वर्षांपूर्वी अण्णांनी गच्चीवर वॉटरप्रूफिंग कुणाकडनं करून घेतलं होतं, ते. तीव्र भावना इथं छापता येत नाहीत. सुरुवात "आयला" नं झाली आणि मग आवाज चढत गेला, एवढं सांगतो. शेजारच्या इमारतीतनं माणसं गॅलरीत येऊन बसली होती, भडंगाची वाटी घेऊन.

त्या रात्री मी उपविधींची पुस्तिका काढली. चार महिने सेक्रेटरी असून पहिल्यांदाच. कव्हरवर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ होतं, म्हणजे आधीच्या सेक्रेटरींच्या काळात तिचा वापर झालेला दिसतो. आत लिहिलेलं वाचून झोप उडाली. समितीनं घेतलेल्या निर्णयांना सगळे सदस्य एकत्रित आणि वैयक्तिकही जबाबदार. मॅनेजर ठेवला म्हणून त्यातलं कुणी सुटत नाही. दुरुस्तीवर सर्वसाधारण सभेला न विचारता समिती किती खर्च करू शकते, तेही छापलेलं : आमच्या आकाराच्या सोसायटीला 50,000 पर्यंत. म्हणजे 3,800 ला आमची छाती धडधडत होती आणि उपविधी आम्हाला तेरा बेअरिंगं एकदम बसवायला मोकळीक देत होते.

दुसऱ्या दिवशी बापूंना हे वाचून दाखवलं. "एकत्रित आणि वैयक्तिक" ला ते थांबले. "वैयक्तिक म्हंजे घरावर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तसंच असावं. तेव्हापासून बापू शुभ सकाळ टाकत नाहीत.

ऑडिटरांचं तर वेगळंच दुखणं. दोन वर्षं तोच शेरा : "थकबाकीदारांवर कारवाई नाही." दोष दुरुस्तीचा अहवाल आम्ही दरवर्षी भरतो, "कार्यवाही सुरू आहे." ती सुरू का होत नाही, ते मामांनी एकदा मला जिन्यात हळूच सांगितलं. थकबाकी सगळ्यात मोठी एका समिती सदस्याची. त्याच्या दारावर नोटीस कुणी लावायची? मामांनी. मामांच्या पगाराचा ठराव कोण मंजूर करतं? तो. बरं, तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलेल्याला समितीवर राहताच येत नाही, पण हे त्याला सांगायचं कुणी? "साहेब, मी पगारी मानूस. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, पर मांजरच पगार देतंय." हा मुद्दा मला पटला. नोटिशीवर सही मी केली आणि ती लावायला अण्णा स्वतः गेले, ढोल-ताशे सोडून सगळ्या थाटात. पैसे आठवड्यात आले. आतापर्यंत हे का केलं नाही, याचं उत्तर अण्णांकडं होतं : "कुणी सांगितलंच न्हाई."

मग आम्ही नेमणुकीचं पत्र नव्यानं लिहायला बसलो. तीन बैठका, दोन वेळा कट वडा. "पाहावीत" हा शब्द हद्दपार. 5,000 पर्यंत मामांनी कुणाला न विचारता खर्च करायचा, बिल दुसऱ्या दिवशी बापूंकडं. त्यावर गेलं तर अण्णा किंवा मी, फोनवर, तोंडानं, शब्दात "हो" किंवा "नको". अंगठा निर्णय समजला जाणार नाही, हे वेगळं कलम, वहिनींच्या आग्रहावरून. मामांनी दर महिन्याला एका पानात काय केलं, काय राहिलं, ते द्यायचं. समितीनं ते वाचायचं. "वाचायचं" यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली, कारण नुसतं वाचायचं की त्यावर काही करायचंही, याबाबत मतभेद होते.

शेवटचा ठराव माझा. मला तो फार हुशारीचा वाटला होता. पंपरूममध्ये कुणीही जातं, कुणीही बटण दाबतं, म्हणून मोटर जळते. तर पंपरूमला कुलूप असावं आणि किल्ली जबाबदार पदाधिकाऱ्याकडं राहावी. मामा काहीतरी बोलायला तोंड उघडत होते, पण तोपर्यंत ठराव क्रमांक सात एकमतानं मंजूर झाला होता आणि मी लिहूनही काढला होता.

परवा पहाटे पाचला फोन वाजला. मामा.

"साहेब, वरची टाकी भरून वाहत्या. जिन्यातनं पानी खाली येतंय, दुसऱ्या मजल्यावर पोचलंय."

मी अर्धवट झोपेत ओरडलो, "अहो मग मोटर बंद करा की! त्याला पैसे लागत नाहीत, मंजुरी लागत नाही, विचारताय काय?"

"विचारत न्हाई साहेब," मामा म्हणाले. मागनं पाण्याचा आवाज येत होता, चांगला खळाळत. "तुमच्याच दारात उभा हाय. किल्ली द्या."