पोट लहान झालं, पण डोक्याची भूक?

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी पॅकेज, मेडिक्लेम, रजा, सगळ्याची चौकशी होते. मनाचं काय, हे विचारायचं राहून जातं. ऑपरेशनची तारीख घेताना समुपदेशकाच्या निदान पुढच्या वर्षभराच्या भेटी ठरवून घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे. आधीची एक भेट म्हणजे नुसता फाइलीतला कागद.

स्लीव्ह म्हणजे जठर कापून नळीसारखं करण्याचं ऑपरेशन. त्यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भुकेची वर्दी देणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः तिथेच तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूक जवळपास गायबच असते. तरीही संध्याकाळी स्टेशनबाहेर वडे तळल्याचा वास आला की जीव कासावीस होतो. ही डोक्याची भूक. ओळखायची कशी? पोटाच्या भुकेला साधा वरणभातही चालतो. डोक्याच्या भुकेला वडापावच हवा असतो, तोही बॉसशी वाजल्यावर. इतकी वर्षं राग, कंटाळा, एकटेपणा खाण्यावर निभावला. आता अर्ध्या वाटीतच पोट भरतं आणि तो राग तसाच उरतो. मग चहात बुडवलेलं बिस्किट, फरसाण, आइस्क्रीम सुरू होतं. हे सहज खाली उतरतं, पोट गच्च होत नाही, आणि वजन परत चढतं. काही जण दारूकडे वळतात. वजनाचं दुसरं ऑपरेशन म्हणजे बायपास (हृदयाचं नव्हे, जठराचा छोटा कप्पा थेट आतड्याला जोडतात ते). त्यानंतर दारू फार लवकर चढते, त्यामुळे हा धोका घरच्यांनाही माहीत हवा.

आता एक घोळ, ज्यात पुष्कळ जण फसतात. बायपास झालेल्या माणसाने गणपतीत दोन मोदक खाल्ले, अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळा. हे डम्पिंग, म्हणजे गोड झटकन आतड्यात उतरल्याचा त्रास. दुसरा प्रकार खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी येतो: रक्तातली साखर कमी होते, हातपाय थरथरतात, उगाच भीती वाटते. घरचे म्हणतात, ‘टेन्शन घेतलंयस.’ आधी ग्लुकोमीटर लावा! तसंच सततची चिडचिड, विसरभोळेपणा, थकवा यांमागे बी-१२ किंवा लोह कमी असू शकतं. या जीवनसत्त्वं-खनिजांच्या गोळ्या जन्मभराच्या असतात, बरं वाटलं म्हणून थांबवायच्या नसतात. डिप्रेशनची औषधं चालू असतील तर सर्जनला आधीच सांगा. बायपासनंतर हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत असं होऊ शकतं.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास केस गळतात, कातडी लोंबते, आणि आरशात अजून जुनंच माणूस दिसतं. लोकलमध्ये चौथी सीट मिळत असूनही पाय दारापाशीच थबकतात. दर महिन्याला त्याच भिंतीपाशी, त्याच कपड्यांत फोटो काढा. काट्यावरचा आकडा आठवडेच्या आठवडे अडून बसतो, तेव्हा हे फोटो कामाला येतात.

नातेवाइकांचं काय करायचं? ‘एक घास माझ्यासाठी’ म्हणणाऱ्या मावशीला पथ्याचं व्याख्यान देऊ नका. ‘डबा भरून दे गं’ म्हणा. तिचा मान राहतो, तुमची उलटी वाचते.

आणि जगणंच नको वाटायला लागलं तर पुढच्या फॉलोअपची वाट पाहू नका. १४४१६ ही सरकारी टेलिमानसची मोफत हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं.