चहापानावर बहिष्कार आणि पर्लकोटेचा पूल

डिसेंबर आला की नागपुरात दोन गोष्टी ठरलेल्या, एक म्हणजे संत्र्याचे ढीग आणि दुसरी म्हणजे विरोधकांचा चहापानावर बहिष्कार. हिवाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सरकार चहाला बोलावते, विरोधक येत नाहीत, मग पत्रकार परिषद. कायदा सुव्यवस्था ढासळली, शेतकरी मरतो आहे, उद्योग गुजरातला पळाले, विदर्भाचा अनुशेष तसाच. मी वीसेक वर्षं हे ऐकतोय. माणसं बदलतात, कागद तोच. २०१९ ला वाचणारे फडणवीस होते, आता समोरचे वाचतात.

आधीच सांगतो, मी कोणाचा भक्त नाही आणि चमचा पण नाही, कमेंटमध्ये शिव्या देणाऱ्यांनी थोडा दम धरा. विरोधक बोलतात ते खोटं आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. बीडमधल्या मस्साजोगच्या सरपंचाचा ९ डिसेंबर २०२४ ला खून झाला आणि मंत्री धनंजय मुंडेंचा राजीनामा यायला ४ मार्च उजाडला, त्यावर ओरडायलाच पाहिजे होतं. माजी मंत्री बाबा सिद्दीकींना तर मुंबईत भर रस्त्यात गोळ्या घातल्या, मग बाकीच्यांचं काय बोलता. माझा राग वेगळाच आहे. तो आमच्या जिल्ह्यावरून आहे.

मी वडशाचा. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हटलं की आमचं वडसा, बास, पुढे रूळच नाहीत. वडसा-गडचिरोली लाईनचं काम होते आहे, होते आहे म्हणता म्हणता आमच्या गल्लीतली पोरं बाप झाली. जिल्हा झाला १९८२ ला आणि सुरक्षा विरुद्ध विकास हा वाद तेव्हापासून आमच्या डोक्यावर. पण इकडे त्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच ना भाऊ. २०१९ चा १ मे आठवा. आदल्या रात्री कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षल्यांनी रस्त्याच्या कामावरच्या गाड्या जाळल्या आणि दुसऱ्या दिवशी जांभूळखेड्याजवळ स्फोटात १५ जवान आणि त्यांचा ड्रायव्हर गेला. रस्ता जळला म्हणून जवान निघाले आणि जवान रस्त्यातच गेले. तेव्हा विरोधकांनी राजीनामा मागितला. त्याच्या दहा वर्षं आधी, २००९ मध्ये, मर्केगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी मिळून एका वर्षात ४८ पोलीस गेले, तेव्हा सत्तेत काँग्रेस-राष्ट्रवादी आणि विरोधात भाजप-सेना. म्हणजे दोघांच्याही वहीत आमच्या पोरांची नावं आहेत.

आता आजचं. सरकारकडे दाखवायला आहे, हे मान्य करायला काय जातं? नक्षल्यांचा मोठा नेता भूपती साठ जणांना घेऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत शरण आला, ही छोटी गोष्ट नाही. त्याच वर्षाच्या पहिल्याच दिवशी गर्देवाड्याकडे एसटी सुरू झाली, जिथे स्वातंत्र्यानंतर कधी लाल डबा पोचला नव्हता. ज्याने तो टापू बघितलाय त्याला विचारा त्या एसटीची किंमत. विरोधक याच्यावर गप्प बसतात किंवा आकडे खोटे म्हणतात आणि तिथेच लोक त्यांचं ऐकणं सोडून देतात.

आणि जिथे धरायचं तिथे धरत नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यातल्या पत्तीगावचे आईबाप आपल्या दोन लहान पोरांचे मृतदेह खांद्यावर टाकून चिखलातून पायी घरी गेले, तो व्हिडिओ काँग्रेसच्या वडेट्टीवारांनी टाकला, सगळ्यांनी शेअर केला, मी पण केला. लगेच काही जण म्हणाले आधी पुजाऱ्याकडे का नेलं. अरे बाबा, दवाखाना लांब आणि पुजारी गावात, माणूस कुठे जाईल? पण वडेट्टीवार साहेब, तुम्ही पण अडीच वर्षं मंत्री होता ना, तेव्हा हा रस्ता नव्हता का? आणि व्हिडिओनंतर पुढे काय? त्या टापूत डॉक्टरची पदं किती रिकामी, रुग्णवाहिका किती चालू आणि किती शेडमध्ये उभ्या, सुरजागडच्या खाणीतल्या लोखंडातून जिल्ह्याच्या खनिज निधीत किती आलं आणि ते कुठल्या गावात गेलं, हे प्रश्न दर अधिवेशनात लावून धरा की. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यायला लावायची हत्यारं सगळी हातात आहेत. पण पायऱ्यांवर बॅनर घेऊन उभं राहिलं की दहा वाजताच्या बातमीत येते आणि तारांकित प्रश्न कोणी बघत नाही.

नक्षली संघटना आवरायला म्हणून आणलेल्या जनसुरक्षा विधेयकाचंच बघा. बाहेर भाषणं अशी की लोकशाही संपली, आणि जुलै २०२५ मध्ये विधानसभेत ते आवाजी मतदानाने पास होताना डहाणूचे निकोले, एकटा माकपचा माणूस, उघड विरोधात बोलला. बाकीचे कुठे होते? कमी आहेत हे मला माहीत आहे, ठाकरेंची सेना २०, काँग्रेस १६ आणि शरद पवारांची राष्ट्रवादी १०, विरोधी पक्षनेतेपदासाठी प्रथेप्रमाणे २९ चा आकडा लागतो तोही कोणाकडे नाही. पण निकोले तर एकटेच होते.

आणि सरकारवाल्यांनी फार खुश होऊ नका. काही विचारलं की तुमचं एकच उत्तर, तुमच्या काळात काय होतं. वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हाही हेच. (तो तिकडे गेला आणि फॉक्सकॉन २०२३ ला त्यातून बाहेरच पडलं, यावर दोघंही बोलत नाहीत, मजा आहे.)

आमचे मामाजी भामरागडकडे मास्तर होते, आता रिटायर. पावसाळ्याच्या आधी चार महिन्यांचं राशन गावात टाकून ठेवायचं ही तिकडची पद्धत, कारण पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावर पाणी आणि भामरागड तुटलंच. बाईमाणूस अडली तर खाटेला दोऱ्या बांधून चार जण खांद्यावर. हे नक्षली जोरात होते तेव्हाही होतं, कमी झाले तेव्हाही. नव्या पुलाचं काम कोणत्या सरकारने काढलं यावरून मागे जेवताना मामाजी आणि माझा साळा भांडले, एक काँग्रेसचा, एक कमळाचा, पार ताटं निवली.

मामाजी अजून जुलै लागला की सकाळी चहाच्या आधी तिकडच्या जुन्या शिपायाला फोन लावतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिला प्रश्न तोच. "पुलावरून पाणी गेलं का रे?"