लोहाचा प्रयोग खरा, निष्कर्ष चुकीचा

‘गोव्याच्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात लोह टाकून हवेतला कार्बन कायमचा गाडला’ असा मेसेज फिरतोय. प्रयोग झाला होता. कार्बन मात्र गाडला गेला नाही.

2009 मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण अटलांटिकमध्ये लोह सोडलं. वनस्पतिप्लवक, म्हणजे हवेतला कार्बन शोषून मेल्यावर तो खोल पाण्यात नेऊ शकणाऱ्या तरंगत्या सूक्ष्म वनस्पती, वाढलेही. पण त्या पाण्यात सिलिका कमी, म्हणून सिलिकाचं कवच बांधणारे डायाटम हे प्लवक वाढेनात. बाकीचे प्लवक कोपेपॉड या चिमुकल्या समुद्री प्राण्यांनी फस्त केले. खोलवर कार्बन गेला तो अगदी थोडा, आणि हे दोन्ही संस्थांनी तेव्हाच जाहीर केलं होतं. (मेसेजमधून नेमकं तेवढंच गळलंय.)

शिवाय लोह म्हणजे सगळं नव्हे. अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात काही ठिकाणी प्लवकांना लोहाबरोबर कोबाल्टयुक्त बी-12 जीवनसत्त्वही अपुरं पडतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल तर खाली हा खुलासा जोडा.