‘एवढ्या लांबून आलाय ना’ म्हणून कुठल्याही वाऱ्यात वर सोडणार का?

सुट्ट्या जवळ आल्या की सोलापुरात टूरवाल्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात. मालवण-तारकर्ली, दोन रात्री तीन दिवस, जेवण-नाश्त्यासह, आणि खाली लाल अक्षरांत ‘पॅरासेलिंग व वॉटर स्पोर्ट्स’. पॅरासेलिंग म्हणजे मोठ्या छत्रीला माणूस बांधायचा आणि बोटीने लांब दोराने ओढत हवेत उडवायचा. सात रस्त्यावरून रात्री गाडी सुटते. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग घाट. चारशेच्या आसपास किलोमीटर, नऊ-दहा तास. सकाळी पोचायचं, रूम दुपारी बाराशिवाय मिळत नाही म्हणून तसंच तोंड धुऊन सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, दोन वाजता मासे-भाताचं ताट, आणि तीनला वॉटर स्पोर्ट्स.

तीनला! समुद्रावरचा वारा दिवसात सगळ्यात जोरात असतो, नेमकी त्या वेळेला माणसं दोराला टांगायची. हे वेळापत्रक बनवताना गाडी कुठे उभी राहील, जेवण कुठे होईल, ड्रायव्हर कधी झोपेल, सगळ्याचा विचार होतो. वाऱ्याचा मात्र कुणीच करत नाही. संताप होतो तो याचाच.

यात गूढ काही नाही. सकाळी जमीन अजून तापलेली नसते, वारा मंद असतो, असला तर जमिनीकडून. अकरानंतर जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि समुद्राकडून वारा आत धावायला लागतो. दोन ते चार हा त्याचा जोराचा वेळ. कोकणातला साधा होडीवाला हे सांगेल. सकाळी आठ ते अकरा ही पॅरासेलिंगची वेळ. ज्या टूरमध्ये ती दुपारी टाकलीय, त्या टूरवाल्याने एकतर विचारलं नाही, नाहीतर विचारूनही दुर्लक्ष केलं. दोन्ही तेवढंच वाईट.

आता वाऱ्याने नेमकं काय होतं ते बघा. नावातला ‘पॅरा’ ऐकून लोकांना वाटतं हे पॅराशूट आहे. खरं तर हा पतंग आहे. छत्री पतंग, दोर मांजा, आणि पतंगाला माणूस बांधलेला. पतंगाला वारा कमी पडला की आपण धावतो, तसं बोट धावते. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आणि बोटीचा वेग २०, म्हणजे छत्रीला ३५चा वारा लागतो. वारा वाढला की बोट हळू करायची, एवढंच बोटवाल्याच्या हातात असतं. पण वाराच ३५चा झाला तर? बोट जागेवर उभी केली तरी छत्री खाली येत नाही, उलट बोटीलाच ओढायला लागते. दोर गुंडाळणारं यंत्र, म्हणजे विंच, त्याचा जोर पुरत नाही. आणि ताण वेगाच्या वर्गाने वाढतो: वारा २०चा ३० झाला तर ताण दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. दोर तोच, गाठ तीच, वर लटकलेली माणसंही तीच.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने माणसं मेल्यावर २०१४ मध्ये यावर कायदा केला. सलग वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर, किंवा झोत, म्हणजे मध्येच येणारा वाऱ्याचा जोराचा झटका, ४०च्या वर गेला की छत्री उडवायची नाही. ११ किलोमीटरच्या आत विजांचं वादळ असेल तरी बंद. बोटीवर हवामान कळायची सोय असलीच पाहिजे. आपल्याकडच्या किती बोटींवर वारा मोजायचं साधं हातातलं यंत्र दिसतं? विचारलं की उत्तर येतं, ‘आम्ही रोज करतो, काही होत नाही.’ हे काय उत्तर झालं?

यंत्र नसलं तरी डोळे आहेत. किनाऱ्यावर उभं राहून लाटांचे माथे बघा. तुरळक कुठेतरी पांढरा फेस असेल तर वारा साधारण १२ ते १९. बऱ्याच लाटांवर फेस दिसायला लागला की २० ते २८. जिकडेतिकडे पांढरं आणि वर तुषार उडतायत, म्हणजे ३०च्या घरात पोचला. तिथे थांबायचंच. मोबाइलवरच्या वाऱ्याच्या अ‍ॅपमध्ये आकडा बहुतेकदा नॉटमध्ये असतो, त्याची जवळजवळ दुप्पट केली की किलोमीटर मिळतात, १० नॉट म्हणजे साडेअठरा. सरासरीपेक्षा झोताचा आकडा बघा, कारण दोर झोतात तुटतो.

आणि इथे ते वाक्य येतं, ज्याच्यामुळे डोकं फिरतं: ‘एवढ्या लांबून आलाय ना, करूनच जा.’ मुंबईचा माणूस अलिबागला पुढच्या रविवारी परत येऊ शकतो. सोलापूरचा माणूस दोन वर्षांनी एकदा समुद्र बघतो. बोटवाल्याला हे कळतं, टूरवाल्याला तर पुरतं कळतं. पैसे आधीच घेतलेले, रात्री परतीची गाडी, परतावा मिळणार नाही असं आधीच बजावलेलं. मग घरचेच म्हणतात, ‘आलोय तर करू की ओ, सगळे करतेत.’ नाही म्हणायची मोकळीकच ठेवलेली नाही. आपल्या लांब असण्याचा हा सरळसरळ गैरफायदा आहे.

जोराच्या वाऱ्यात पाण्यावर काय होतं ते आपल्या जिल्ह्याला कुणी सांगायला नको. मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटून सहा जण गेले. त्याआधी दोन वर्षं, मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. पॅरासेलिंगचा दोर तुटल्याच्या घटनाही घडल्यात. नोव्हेंबर २०२१ मध्ये दीवला एका जोडप्याचा तुटला, त्याच महिन्यात अलिबागजवळ वरसोलीला दोन बायकांचा तुटला. पाण्यात पडले आणि जाकीट होतं म्हणून वाचले.

जीपने वाळूवरून ओढतात त्या प्रकाराला तर हात जोडावेत. खाली पाणी नाही, कडक वाळू आहे. डिसेंबर २०१८ मध्ये रायगडमधल्या मुरूडला पॅरासेलिंगच्या अपघातात पंधरा वर्षांचं पोरगं गेलं. जीप दिसली की पोरांना घेऊन मागे फिरा. स्वस्त पडतं म्हणून तर अजिबात नको.

दोराचं बोलायचं तर सगळ्यांचं लक्ष छत्रीवर असतं, रंगीत असते, फोटोत छान येते. तुम्ही दोराचं छत्रीकडचं टोक बघा. विंचवर गुंडाळलेला सगळा दोर बघायची गरज नाही, शेवटचे दोन मीटर बघा. प्रत्येक फेरीत हिसका तिथे बसतो, वाकतो तिथेच, खाऱ्या पाण्यात बुडतो आणि उन्हात वाळतो तोही तिथेच. मीठ धाग्यांच्या आत जाऊन खड्यासारखं बसतं, वाळू आत शिरते आणि दोर आतून कातरत जातो. खराब दोर कसा ओळखायचा? हाताला काडीसारखा ताठ लागतो, कुठे केसाळ झालेला असतो, कुठे घासून चकाकलेला, आणि एखाद्या ठिकाणी बोटांना बारीक लागतो. त्यात टोकाला गाठ. गाठीत दोर पिळला जातो म्हणून त्या जागी ताकद बरीच उतरते, निम्म्यापर्यंतही. म्हणूनच नीट काम करणारे ठरावीक फेऱ्यांनंतर टोकाचे काही फूट कापून टाकतात, ताज्या दोरावर नवी गाठ मारतात आणि वहीत तारीख लिहितात. ‘टोक कधी कापलं?’ एवढा एकच प्रश्न विचारा. ज्याला कळतं तो लगेच सांगतो. जो तुमच्याकडे बघत राहतो त्याच्या दोराला लटकू नका.

हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, चढवायला पोरं अर्धं मिनिट घेतात, कारण मागे रांग असते. तुम्ही घाई करू नका. जाकीट आधी, हार्नेस वरून. जाकिटाचे सगळे बक्कल लावून खांद्याला धरून वर ओढायला सांगा, कानापर्यंत आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. दाबून बघा, आतलं फोम चपटं पडलं असेल तर दुसरं मागा. ‘मला पोहता येतंय की’ म्हणत जाकीट ढिलं ठेवणारे आपल्याकडे फार. डबा बांधून विहिरीत शिकलेलं पोहणं चांगलंच, पण विहिरीत लाट नसते आणि दोऱ्यांचं जाळं अंगावर पडत नाही. मांडीचे पट्टे मांडीखाली बसल्यासारखे हवेत आणि त्यात दोन बोटं जावीत, पंजा जाऊ नये. खांद्याजवळचे दोन्ही हुक स्वतः बघा. स्क्रूचा हुक असेल तर तो शेवटपर्यंत फिरवलेला हवा. गंजून अर्ध्यावर अडकलेला हुक चालवून घेऊ नका. ओढणी, चष्मा, मोकळे केस आधीच बांधून टाका.

बोटीवर माणसं किती आहेत तेही मोजा. स्टिअरिंगवर एक, विंच-दोरावर दुसरा, चढवा-उतरवायला आणखी एक. एकच माणूस बोटही चालवतोय, दोरही सोडतोय आणि तुमचा व्हिडिओही काढतोय, तर वर लटकलेल्याकडे बघणार कोण?

पैशाची लूट वेगळीच. ‘३०० फूट उंच’ असं ओरडून सांगतात, पण ते ३०० फूट दोराचे असतात. दोर तिरका जातो. ४५ अंशात असेल तर उंची २१० फूट, ३० अंशात असेल तर १५०. ‘दहा मिनिटं’ म्हणतात, त्यात हार्नेस घालणं-काढणं धरलेलं असतं. हवेत खरे मिळतात दोन-तीन मिनिटं, त्यातला निम्मा वेळ दोर सोडण्यात आणि गुंडाळण्यात जातो. मग पाय पाण्यात बुडवायचे म्हणजे ‘डिप’चे वेगळे, व्हिडिओचे वेगळे. एका बोटीत दहा-बारा माणसं भरतात, प्रत्येकाचे चार-पाच मिनिटं धरले तर शेवटच्याला तासभर हलत्या बोटीत बसावं लागतं. दोनला पोटभर जेवलेला माणूस तिथे ओकणार नाही तर काय करणार? जेवण आणि बोट यात दोन तासांचं अंतर हवं, बोट लागत असेल त्याने गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला हवी. हे साधं वाक्य एकही टूरवाला गाडीत बसवताना सांगत नाही.

सांगायलाच हवं ते आणखी एक आहे, आणि तेही कुणी सांगत नाही: दोर तुटला तर काय करायचं. छत्री दगडासारखी पडत नाही, हळूहळू उतरते. वरच्या दोऱ्या ओढत बसू नका. गुडघे थोडे वाकवून, पाय जोडून बसून राहा. हवेत हुकला हात लावायचा नाही. पाण्याला टेकलात की छत्री वाऱ्याने पुन्हा भरते आणि माणसाला फरफटत नेते. तेव्हा हुक सोडायचे आणि वाऱ्याच्या उलट दिशेला जायचं, म्हणजे छत्री आणि दोऱ्या आपल्यापासून लांब जातात. हुक कसा सुटतो ते बोटीवरच दाखवून घ्या. एक मिनिट लागतं. ते एक मिनिटही यांना जड जातं.

परवान्याचं विचारलं की तोंड वाकडं करतात. विचाराच. समुद्रावरच्या या खेळांना महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागते, राज्याचं साहसी पर्यटन धोरणही २०२१ पासून आहे. पावसाळ्यात, मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत हे खेळ बंद असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात ‘आमच्या ओळखीवर करून देतो’ म्हणणाऱ्याला तिथेच नाही म्हणा.

पैसे देताना पक्की पावती घ्या, टूरवाल्याकडून सोलापुरातच. पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि ‘तिकडे मालवणात काय झालं ते आम्हाला काय माहीत’ हे ऐकून गप्प बसू नका. या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे सोलापुरातच करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून नोंदवता येतं. पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: पॅरासेलिंगची वेळ सकाळी अकराच्या आतली, हवेतले मिनिटं किती, आणि वाऱ्यामुळे रद्द झालं तर पूर्ण पैसे परत. या तीन गोष्टी लिहायला जो टूरवाला हात आखडतो, त्याने जाहिरातीतलं पॅरासेलिंग आधी खोडावं.